रिकामी हार्ड डिस्क परत द्यायची नसते

गेल्या आठवड्यात बेंबळीत, आमच्या घरी, आईनं माझी आणि माझ्या लॅपटॉपची एकदमच अक्कल काढली. निमित्त होतं शेजारच्या चाचींकडून आलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क.

चाचींच्या नजमाचं नुकतंच उमरग्याला लग्न झालं. ऐन वेळी पाय मुरगळल्यामुळं आईला जाता आलं नाही, म्हणून चाचींनी फोटोग्राफरकडून आलेलं शूटिंग, डिस्कसकट आमच्याकडं पाठवून दिलं. आईनं ते लग्न मन लावून पाहिलं... जेवणाच्या पंगतीसुद्धा मला पुढं पळवू दिल्या नाहीत.

लग्नानंतर माहेरी आलेली नजमा शुक्रवारी सकाळी हैदराबादला सासरी निघणार होती, आणि डिस्क तिच्याबरोबर जाणार होती. आदल्या दिवशी मी ती परत द्यायला निघाले, तर आईनं दारातच अडवलं. "रिकामी कशी द्यायची?"

मी म्हटलं, अगं, त्यात अख्खं लग्न आहे. "ते त्यांचंच हाय की. आपलं काय हाय त्याच्यात?"

आता बोला... आमच्या दोन घरांत ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो आणि बुद्धपौर्णिमेला तोच डबा खिरीनं भरून जातो. घरात काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर तरी घालते, पण भांडं रिकामं जात नाही.

या वेळी मात्र साखरेवर भागणार नव्हतं. नजमा लहानपणापासून आमच्याकडं येसराची आमटी ओरपत वाढलेली. धान्य, डाळी, मसाले भाजून दळलेलं ते येसर आई वाटी वाटी करून सगळ्या गल्लीला देते, पण कसं करते ते कुणाला सांगत नाही. चाचींनी तर विचारून विचारून नाद सोडला होता.

"पोरगी लांब चाललीय. तिथं कोण देणार हाय तिला येसर? माझा व्हिडिओ काढ अन् घाल त्याच्यात." इतकी वर्षं जपलेलं गुपित आई स्वतःहून द्यायला निघाली होती. व्हॉट्सॲपवर पाठवू का, असं विचारलं, तर म्हणाली, "म्हंजे सांजपर्यंत साऱ्या गावाला कळंल."

व्हिडिओ झाला. आईनं इस्त्रीची साडी नेसून, कॅमेऱ्याकडं एकदाही न बघता, सगळं कढईला सांगितलं. मी फाईल डिस्कवर कॉपी करायला गेले... आणि होईना.

केबल बदलली, पोर्ट बदललं, रीस्टार्ट केलं. आईनं सुचवलं म्हणून फुंकरही मारून झाली. लेक पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते, तेही घरी बसून, हे आईनं गल्लीभर सांगून ठेवलंय... त्याच लेकीला एक फाईल टाकता येत नव्हती.

शेवटी डिस्कची माहिती उघडली, तेव्हा उजेड पडला. डिस्क विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली आणि माझा लॅपटॉप मॅक. त्यामुळं तिच्यातलं बघता येत होतं, पण तिच्यात नवीन काही टाकता येत नव्हतं. जवळपास विंडोजचा कॉम्प्युटर एकच, तो चाचींच्याच घरी... आणि तिथं तर डिस्क रिकामी न्यायची नव्हती.

मग एकच मार्ग उरला. लग्न आधी लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, डिस्क पुसायची, दोन्हीकडं चालेल अशी फॉरमॅट करायची आणि लग्न परत भरायचं. पुसायचं बटण दाबण्याआधी लॅपटॉपवरची कॉपी मी दोनदा उघडून बघितली. दुसऱ्याच्या मुलीचं लग्न होतं हो ते.

आणि नेमक्या तेव्हाच चाची आल्या. चहा घेता घेता त्यांनी सहज विचारलं, "वैनी, बघितलाव का शादी?"

आईला खोटं बोलणं जन्मात जमलेलं नाही. "बघितली की भाभी. आता पोरीनं पुसून टाकलीय."

चाचींचा कप तोंडापाशीच थांबला. मी घाईघाईनं लॅपटॉप फिरवून त्यांना जावई दाखवला, तेव्हा कुठं त्यांनी पुढचा घोट घेतला.

संध्याकाळी सगळं परत भरलं, आईचा व्हिडिओ टाकला आणि खात्रीसाठी डिस्क चाचींच्या टीव्हीला लावली. नजमाला निरोप द्यायला पाहुणे आणि गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. आई लंगडत येऊन पुढच्या खुर्चीवर बसली.

मी प्ले दाबलं... आणि नवरीऐवजी कढईसमोर आमची आई. फाईलला मी इंग्रजीत 'आई' असंच नाव दिलेलं, त्यामुळं ए वरून ती यादीत सगळ्यात वर, आणि टीव्हीनं बरोबर तीच उचलली.

इतक्या वर्षांचं गुपित मोठ्या आवाजात सगळ्या गल्लीसमोर. मी बंद करायला गेले, तर बायकांनी मलाच गप्प बसवलं. एकीनं तर मोबाईल काढून रेकॉर्डिंगही सुरू केलं.

आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी रात्रीच्या जेवणावर पाणीच सोडलं. मग टीव्हीतल्या स्वतःकडं बोट दाखवून बायकांना म्हणाली, "धने जरा जास्ती घ्या बरं का. तिथं मी कमी बोललेय."

शुक्रवारी नजमा गाडीत बसताना आईनं तिला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. नजमा आधी हसली... मग आईच्या गळ्यात पडून रडली.

गाडी गेल्यावर मी विचारलं, काय सांगितलंस? "व्हिडिओत एक जिन्नस सांगितला नव्हता." कुठला? "तुझं लगीन ठरू दे, मग सांगते."

तो व्हिडिओ आता गावभर फिरतोय आणि बायका तक्रार करतायत, सगळं घातलं तरी वैनींसारखी चव येत नाही. मी ऐकून घेते. व्हिडिओ माझ्याकडंही आहे, पण तोही अर्धवटच.

जरा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू... पण त्याहून जास्त बरं वाटलं. आईनं नजमालाही रिकामं पाठवलं नाही.