धुळ्याला विमानाने पाव तास

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सांजोऱ्या तळल्याचा वास आला की मला धुळ्याची ती ओसरी आठवते. लग्न झालेल्या अक्काला सणासाठी जळगावी आणायला मी मुराळी म्हणून गेलो होतो.

तिची सासू बघताक्षणीच म्हणाली, "इतलं दूर मी सूनले धाडाव नही."

मी नुकताच मॅट्रिक झालेला, म्हणजे शहाणाच! म्हणालो, "दूर कसलं, मावशी? विमानाने पाव तास!"

"मंग इमानच लई ये ना भाऊ! यष्टीमा मन्ही सून बसाव नही." आता विमान घेऊन कुठून येणार मी!

आत अक्का बांधलेलं गाठोडं सोडू लागली.

म्हातारी जाऊन वर्षं लोटली, माझा राग काही गेला नाही. त्या दिवशी परतीच्या यष्टीत मी शेजारच्या जागेवर टोपी ठेवली आणि वाटेतलं पारोळा येईपर्यंत कुणाला तिथं बसू दिलं नाही.