रंगाचा गाळ

स्लाइड रंगवायच्या बाटलीचं बूच काढलं की स्पिरिटसारखा वास येतो आणि मला नल्लकुंट्यातल्या इस्पितळातली माझी पहिली लॅब आठवते. दिलसुखनगरला तेव्हा रोज नवी इमारत उठत होती, आणि तिथेच काम करणारा बिहारकडचा एक गवंडी दोन महिन्यांचा ताप घेऊन आमच्याकडे दाखल झाला होता. मलेरियाची औषधं झाली, टायफॉइडची झाली, तरी पोट फुगत गेलं आणि अंग काळवंडलं. डॉक्टरांनी बोनमॅरो काढून दोन स्लाइड्स पाठवल्या. "हमरे गाँव में इसको काला बुखार बोलते हैं, वही देखिए न," त्याची बायको लॅबच्या खिडकीतून म्हणाली. "वो यां नै होता, अम्मा," मी तोऱ्यात सांगितलं. पहिल्या स्लाइडवर जांभळे ठिपके दिसले. रंग मी आठवडाभर गाळला नव्हता, त्यामुळे तो रंगाचाच गाळ समजून 'काही आढळलं नाही' असं लिहून दिलं आणि काच साबणाच्या पाण्यात टाकली. दुसऱ्या दिवशी रंग गाळून उरलेली स्लाइड रंगवली, तर पेशी न् पेशी त्याच ठिपक्यांनी भरलेली. ते ठिपके म्हणजे परजीवी; वाळूमाशीच्या चाव्याने होणारा काळा आजारच तो. महिनाभराच्या इंजेक्शनांनी माणूस उठला असता. मी वॉर्डात धावले, पण माझा रिपोर्ट घेऊन बायको त्याला गावी घेऊन गेली होती, आणि केसपेपरवर पत्ता होता तो फक्त तो काम करत होता त्या अर्धवट इमारतीचा. आता तिथं खाली साड्यांचं दुकान आहे, वर माणसं राहतात, आणि त्या रस्त्याने जाताना मी अजूनही मान वर करत नाही.