चतुराच्या डोळ्यातला ताणा

धोंडबा मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरचा. नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत चिकटला, त्याला चौऱ्याहत्तर साली बारा वर्षं झाली होती. चतुर नावाच्या किड्याचं डोकं मेणात बसवायचं, मशीनचं चाक फिरवून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर क्रमानं चिकटवायचे, हे त्याचं काम. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिवसाचे चार शब्द बोलायचे ते इथंच. म्हणून उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, डावाही धूसर झाला, तरी त्यानं कोणाला सुगावा लागू दिला नाही. बोटांच्या अंदाजानं निभावून नेलं. कळलं तर गेटवर बसवतील, एकट्याला.

त्या दिवशी नव्या प्राध्यापक पुष्पलताबाई सूक्ष्मदर्शकावरून मान उचलून म्हणाल्या, "धोंडबा, काप उलटसुलट लावलेत तुम्ही. डोळ्याच्या पुढच्या भागातले तंतू मेंदूकडे जाताना मागे गेलेत, मागचे पुढे."

 बाई सांगत होत्या ते चित्र त्याच्या ओळखीचं होतं. डोळे धड होते तेव्हा त्यानं चोरून कितीदा पाहिलेलं.

"नाई बाई. काप उलटा पडला तर सारंच चित्र उलटं होते. हे धागे तर मधातच एकमेकाले ओलांडून राहिले. एकच काप घ्या अन् पाहा. आमचा बाप मागावर ताण्याचे उभे धागे असेच ओलांडून घाले. काहून, तर एकाचीबी जागा चुकू नाई."

बाईंनी एकच काप लावला. बराच वेळ पाहिला. "खरंच की हो! या, तुम्हीही बघा."

धोंडबा स्टूल चाचपत आला. बाई ते बघत राहिल्या. त्यानं डोळा लावला. सारं काळं.

"हो बाई, साफ दिसून राहिलं ना."

"खालचा उजेडाचा आरसा मी फिरवून ठेवलाय, धोंडबा. आत उजेडच नाही."

तो तसाच वाकून राहिला.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्सं." त्यानं खिशातून घडीवर फाटलेली चिठ्ठी काढली. "रामदासपेठेतला डॉक्टर म्हणे, ऑपरेशन करू. आठ दिवस हलाचं नाई, संगं घरचं माणूस आणा. मी म्हटलं, आणतो."

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचून पर्समध्ये टाकली. "काप तुम्हीच काढा. बघायचं मी बघेन." मग पर्स बंद करत, "माझी आई दिवसभर घरी एकटीच असते. ते आठ दिवस तुमच्याजवळ राहशील का, तिला विचारते."

"त्याइले काहून तरास, बाई..." धोंडबा पुटपुटला.

चिठ्ठी मात्र त्यानं परत मागितली नाही.