रिकामी पळणारी गाडी

मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर रेसिंगची गाडी रिकामीच पळत होती. पडद्यावर रस्ता धावत होता, खुर्ची वळणावळणाला कलत होती आणि आत कोणी नव्हते. ते पाहून मला उगाच अस्वस्थ वाटू लागले.

“रोज दहा मिनिटं फिरवावी लागते, नाहीतर सांधे आखडतात,” यंत्र सांभाळणाऱ्या सुनीताताई म्हणाल्या. “उद्या टेम्पो येतोय हिला न्यायला. तरी राहवत नाही.”

मला नोकरी लागली तेव्हा माझ्या वडिलांना, अण्णांना, मी इथेच आणले होते. तेव्हाही यंत्रावर सुनीताताईच होत्या आणि रांग जिन्यापर्यंत असायची. अण्णांनी आयुष्यभर एसटी चालवून मला शिकवले. त्या खुर्चीत बसल्यावर ते प्रत्येक वळणाला ब्रेक दाबून हॉर्न शोधू लागले. रांगेतून कोणीतरी ओरडले, “काका, रेस आहे, वऱ्हाड नाही!” अण्णा मागे न बघता म्हणाले, “मागं माणसं बसल्यात ना.” सगळे हसले. मीही हसलो.

ती रांग कधी विरली, कळलेच नाही. आपल्याला नवे काही दिसले की घाई होते, आणि जुने झाले की त्याहून जास्त घाई होते.

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. “अण्णा, ती रेसची गाडी उद्या नेतायत. आज बसायला येता का?”

पलीकडून अण्णांनी विचारले, “मग ती चालवणारी बाई उद्यापासून काय करणार रे?”

मी सुनीताताईंकडे पाहिले. इतका वेळ त्यांच्याशी बोलत होतो, पण हे विचारायचे मला सुचलेच नव्हते.