भिंतीला टेकून झोपलेला रॉटवायलर

भिवंडीतील समस्त निजामपुरावासीयांना, लूममालकांना, कामगारांना आणि आमच्या गल्लीतील सर्व चतुष्पादांना या निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, खाली सही करणार, वय पन्नाशीच्या आसपास, उजवा हात शाबूत, डावा हात टाके घातलेला, याने आयुष्यात प्रथमच कुत्रा पाळला. आणि प्रसंगाचे गांभीर्य ओळखून सर्वांनी कृपया उभे राहावे. ज्यांना मागच्या बाजूला चावा बसलेला आहे ते तसेही उभेच असतील.

सुरुवात झाली बायकोच्या पोटरीपासून. बायको नर्स आहे. सकाळच्या ड्युटीला आमच्या गल्लीतून चालत धामणकर नाक्याच्या अलीकडच्या एका छोट्या हॉस्पिटलात जाते. गल्ली इतकी अरुंद, की रिक्षा आत येत नाही. वळणावर चिकनचं दुकान, आणि दुकानासमोर कुत्र्यांची टोळी. टोळीची म्होरकी अर्ध्या कानाची एक तांबडी कुत्री. एका सकाळी तिने काहीही कारण नसताना बायकोच्या पोटरीचा लचका तोडला. दुसऱ्याने ओढणी धरली, तिसरा टिफिनच्या पिशवीला लोंबकळला. बायकोने त्याच टिफिनने तांबडीच्या थोबाडावर असा दणका घातला, की डब्याचं झाकण अजून बसत नाही. शेवटी चिकनवाला सुरा घेऊन धावला तेव्हा टोळी हटली. बायकोने नळाखाली बसून स्वतःच साबणाने जखम धुतली, पाय बांधला आणि इंजेक्शन घ्यायला आपल्याच हॉस्पिटलात गेली.

नंतर मात्र त्या वळणाशी आली की तिचे पाय थांबायचे. मी सोबत जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी तांबडी गुरगुरली, आणि मी काय केलं हे मला चिकनच्या दुकानाच्या पत्र्यावर पोहोचल्यावर कळलं. बायको खाली एकटी. चिकनवाला अजून तो प्रसंग गिऱ्हाइकांना करून दाखवतो.

एके संध्याकाळी लसूण सोलता सोलता ती म्हणाली, की नोकरी सोडावी म्हणते. आवाज अगदी साधा. ही बाई लग्नानंतर दोन पोरं सांभाळून नर्सिंग शिकली होती, सासरच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. तिची ड्युटी एका अर्ध्या कानाच्या कुत्रीने खाल्ली तर आमच्या घरात काय उरणार होतं? मी उठलो, छाती काढली आणि जाहीर केलं, की आपण कुत्रा पाळायचा. तो तिला रोज दारापासून हॉस्पिटलपर्यंत नेईल.

कुत्रा कोणता, यावर गल्लीत सभा भरली. लॅब्राडोर घ्यावा तर तो चोराच्या हातातली बॅटरीही धरून उभा राहील, असं एकमत झालं. जर्मन शेफर्डचे केस आणि लूमचा कापूस यांचं मिळून घरात गाद्यांचं दुकान निघालं असतं. पांढरा पॉमेरियन सुचवणाऱ्याला लोकांनी आमच्या गटारातली घूस दाखवली; तिने तो नाश्त्याला संपवला असता. जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, घर केवढं, दिवसभर घरी कोण असतं, आधी कधी कुत्रा सांभाळलाय का. मग म्हणाले, पहिलाच कुत्रा आहे तर ताकद बघू नका, तुमच्या हाताला आवरेल असा बघा. गल्लीतलंच एखादं पिल्लू लहानपणापासून वाढवा. बायकोने मान डोलावली. मी आभार मानून बाहेर आलो आणि तो सल्ला पायरीवरच ठेवून आलो. पिल्लू वाढेपर्यंत बायकोची दुसरी पोटरी जायची.

खरा सल्लागार माझा धाकटा मेहुणा, अंबाडीकडच्या गावचा. त्याच्या मोबाइलवर कुत्र्यांच्या झुंजींचे व्हिडिओ भरलेले. एकात एक काळा, रुंद जबड्याचा कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला गळ्याला धरून फडक्यासारखा झटकत होता. मेहुणा मिठाई वाटावी तसा तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवत होता.

"भावजी, ह्यो रॉटवायलर हाय," तो म्हणाला. "घ्यायचा तर असा घ्या. न्हायतर ताईच्या हातात मांजर द्या."

आणि योगायोग बघा. अंबाडी रस्त्यावर त्याच्या ओळखीच्या एकाचा लूमचा कारखाना होता. मालकाने लूम भंगारात काढले होते आणि कारखान्यात वाढलेला तरुण रॉटवायलर त्याला कोणाला तरी देऊन टाकायचा होता. आम्ही गेलो. कुत्रा खांबाला बांधलेला, तोंडावर जाळी, डोळे लाल. मालकाने एवढंच विचारलं, तुमच्या घराजवळ लूम चालतात ना. म्हटलं, घराला लागूनच आहेत. मालकाचा चेहरा एकदम उजळला. मग काही काळजी नाही, म्हणाला, आणि साखळी माझ्या हातात देऊन घाईघाईने आत गेला. केवढा प्रेमळ माणूस, असं मला वाटलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या घराची एक भिंत लूमच्या शेडला चिकटलेली आहे. रात्रंदिवस खटाखट, खटाखट. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरतं, कपातला चहा थरथरतो. नवा भाडेकरू असो की व्याही, माणूस पारखायचा तर आम्ही त्याला त्या भिंतीला टेकून बसवतो आणि चहा देतो. दचकला, कपाळाला आठ्या पडल्या, तर तो आमच्यात टिकायचा नाही. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीला आमच्या घरी बोलावलं होतं ते त्यासाठीच. ती भिंतीला टेकून बसली, कप बशीवर जराही वाजला नाही, आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तिथेच सुपारी फोडली. तिला त्यांनी चहात साखर पुरेशी आहे का एवढंच विचारलं.

कुत्र्यालाही त्याच भिंतीशी नेलं. त्याने कान टवकारले, लांब श्वास सोडला, भिंतीला पाठ टेकली आणि घोरायला लागला. लाल डोळे मिटले. जाळी काढली तरी हूं नाही. चूं नाही. मेहुण्याने त्याच्या जबड्यात बोट घालून दाखवलं. शांत, घरंदाज, गुणी, असा निकाल सर्वांनी दिला. बायको दारात उभी राहून बघत होती.

पुढचे दिवस सोन्याचे. बायको पुढे, साखळी तिच्या हातात, आणि कुत्रा परत आणायला मी लवाजम्यासारखा मागे. पहिल्याच सकाळी टोळी चालून आली. गल्लीत दोन्ही बाजूंना लूम धडधडत होते, आणि आमचा पहिलवान घाई नाही, गडबड नाही, सरळ पुढे झाला. तांबडीला मानेला धरून त्याने दुकानाच्या शटरवर आपटलं. एकदा. शटरवर रक्ताचा पंजाएवढा डाग पडला. मग तिला सोडलं, अंग झटकलं आणि बायकोच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. टोळी पांगली. बायको चालू लागली. वळण आलं तरी पाय थांबले नाहीत. मी मागून टाळ्या वाजवल्या.

तिने फक्त एक गोष्ट सांगितली. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी, जिथे लूम नाहीत आणि गाड्याही नाहीत, तिथे पोहोचलं की कुत्र्याच्या पाठीवरचे केस उभे राहतात आणि तो तिच्याच हाताकडे बघून गुरगुरतो. ह्याला शांतता सोसत नाही, असं तिचं म्हणणं. मी तिला समजावलं, की तो विरह आहे. तू आत जातेस ते त्याला बघवत नाही.

मग शुक्रवार आला.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी बायको ड्युटीला निघून गेली, कुत्रा परत येऊन भिंतीशी झोपला आणि दुपार होता होता पलीकडची खटाखट थांबली. एकेक करून गल्लीतल्या सगळ्या शेड गप्प झाल्या. दुपारी मेहुणा गावाहून मटण घेऊन आपल्या निवडीचं कौतुक करायला आला होता. मी कुकर लावला होता.

नळाचा थेंब पडला. टप्. कुत्र्याने डोळा उघडला. शेजारी कोणीतरी खोकलं. कुत्रा उभा राहिला. जो जन्मापासून खटाखटीतच वाढला होता, त्याच्या कानात आता जगातलं सगळं एकदम शिरत होतं. नेमकी तेव्हाच कुकरने शिट्टी दिली.

त्याने आधी कुकर पाडला. झाकण उडालं नाही हे आमचं नशीब. मग गादी फाडली, खोलीभर कापूस. मेहुणा पलंगावर चढण्यासाठी वाकला आणि पँटच्या मागच्या भागासकट बराच ऐवज गमावून बसला. मी पट्टा धरायला गेलो तर जबडा माझ्या डाव्या हातावर मिटला. दात हाडाला घासल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. शुक्रवार असल्यामुळे अगदी स्वच्छ ऐकू आला. कुत्र्याने मला उंबऱ्यापर्यंत फरपटत नेलं, तिथे कंटाळून सोडलं आणि जिन्यावरून खाली झेप घेतली.

खाली टोळी होती. आणि ती हिशेब चुकता करायलाच बसली होती.

अशी लढाई मी मेहुण्याच्या मोबाइलवरही पाहिली नव्हती. चौघांनी मिळून त्याला पाडलं; एक मांडीला, एक कानाला, दोन पोटाखाली. तो तसाच उठला, सगळ्यांना अंगावर घेऊन. एका पिवळ्याला त्याने हवेत उडवलं, तो सायकलींच्या रांगेवर पडला आणि सायकली एकामागून एक कोसळत गेल्या. एकाची शेपटी तुटून गटारात पडली. भिंतींवर रक्ताचे शिंतोडे, जमिनीवर केसांचे पुंजके. सुट्टीचे कपडे घालून बसलेले कामगार हातगाड्यांवर, ओट्यांवर, एकमेकांच्या खांद्यांवर चढले होते. मी जिन्यात, हाताला टॉवेल गुंडाळून, मेहुण्याला रडू नको म्हणून सांगत होतो आणि स्वतः रडत होतो.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बायको दिसली. ड्युटी संपवून घरी येत होती, हातात तोच पोचा आलेला टिफिन.

तांबडी तिच्या दिशेने पळाली. रॉटवायलरने तिला बायकोच्या पायांपाशी गाठलं, पाठीत दात रोवले, उचलून बाजूला फेकली आणि मान वर केली. तोंडातून लाल लाळ गळत होती. समोर आता बायको होती. तिच्या हाताकडे बघून तो गुरगुरला, तसाच, मागच्या फाटकाशी गुरगुरायचा तसा. पाठीवरचे केस उभे राहिले. ओट्यावरून एक विणकर ओरडला, "भाभी, भागो मत. हिलो मत."

ती पळाली नाही, पण हलली मात्र. शेडच्या दाराशी मोडक्या धोट्यांचा ढीग असतो. धोटा म्हणजे लूममध्ये सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडाचा ठोकळा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. तिने नजर कुत्र्यावरच ठेवून एक धोटा उचलला. मला वाटलं आता ती त्याचा डोळा फोडणार. तिने धोटा शेडच्या शटरवर मारला. खटाक्. पुन्हा खटाक्. मग खटाखट, खटाखट, बरोबर त्याच लयीत, जी आमच्या भिंतीतून रात्रंदिवस येते.

कुत्रा जागच्या जागी थांबला.

त्या विणकराला आधी उमगलं. त्याने ओट्यावरून खाली उतरून पाइपने दुसरं शटर त्याच लयीत बडवायला घेतलं. मग तिसरं, मग चौथं. कोणी हातगाडीची फळी, कोणी नुसत्या चपला. मी वरून उजव्या हाताने कठड्यावर ताट बडवत होतो. बंद पडलेली सबंध गल्ली हाताने चालू झाली. तो आवाज ऐकून उरलेली टोळी शेपट्या घालून पळाली, आणि रॉटवायलर हळूहळू खाली बसला. पुढच्या पंजांवर हनुवटी ठेवली. डोळे मिटले. बायको डाव्या हाताने शटर वाजवत राहिली आणि उजव्या हाताने तिने त्याच्या पट्ट्यात साखळी अडकवली.

कुत्र्याचं पुढे काय झालं ते आताच सांगून टाकतो. तो आता पलीकडच्या शेडमध्येच राहतो, जखमा भरल्या आहेत, आणि शुक्रवारी त्याच्यासाठी मोठ्या स्पीकरवर लूमचा रेकॉर्ड केलेला आवाज लावावा लागतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी झोपू न शकणारी सबंध गल्ली मला शिव्या देते. जुन्या मालकाला फोन केला तर तो म्हणाला, अरे हो, शुक्रवारचं सांगायचं राहूनच गेलं. तांबडीही जगली, आता लंगडते. आणि बायको दुसऱ्या दिवसापासून एकटी ड्युटीला जाते. पर्समध्ये धोटा असतो. वळणावर आली की चिकनवाल्याच्या शटरवर दोनदा वाजवते, आणि टोळी रस्ता मोकळा करते.

पण त्या दुपारी आम्ही होतो तिच्या हॉस्पिटलात. मी, मेहुणा, आणि धावपळीत ओरबाडले गेलेले दोन विणकर, सगळे ओळीने. दुपारच्या पाळीची नर्स सिरिंज भरत होती. बायकोने तिला बाजूला सरकवलं, ही माझी माणसं आहेत म्हणाली, आणि हात धुतले. आधी भावाला पालथा झोपवला. जखमेच्या कडेने सुई गेली तशी त्याने उशी चावली, आणि त्याही अवस्थेत उशीतून तोंड काढून तो मला म्हणाला, की भावजी, पुढच्या येळी डॉबरमन बघू, माझ्या वळखीचा एक हाय.

मी मान हलवली. खोटं कशाला सांगू, विचार करण्यासारखी गोष्ट होती. तेवढ्यात बायकोने माझा हात पकडला, टॉवेल सोडला, उघड्या जखमेत सुई खुपसली, आणि ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नवरा तुम्ही सगळ्यांनी मिळून निवडलात, मी काही बोलले नाही. कुत्रा तरी मला निवडू द्या."