वैशाखात या, मंग पाहा

आईला घर हवं होतं ते एका खिळ्यासाठी. वडिलांच्या बदल्यांपायी बाभुळगाव, पुसद, दिग्रस असं सगळं आयुष्य तिनं भाड्याच्या खोल्यांत काढलं, आणि प्रत्येक घरमालकानं पहिल्याच दिवशी बजावलं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. वडील गेले, तरी त्यांचा फोटो कपाटावर टेकवलेलाच होता.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. दिग्रसभोवतालची शेतं मोडून प्लॉट पडत होते. मी पिढीजात कचेरीतला माणूस. जमीन म्हणजे सातबारा, एवढीच माझी अक्कल. डिसेंबरात एका मावशींचं शेत पाहिलं आणि हरखलो. काळीभोर, सपाट जमीन, कमरेएवढी कपाशीची पऱ्हाटी. इतकं पीक देणारी जमीन घराला वाईट कशी असेल? आईसाठी घर बांधायचंय असं सांगत मी इसार काढायला खिशात हात घातला.

मावशी एकट्याच शेत कसायच्या. त्या म्हणाल्या, "आता नका देऊ भाऊ. वैशाखात या, मंग पाहा."

मला रागच आला. भाव वाढवायचा डाव असणार, असं घरी येऊन बडबडलो. आई म्हणाली, "इतकी वर्षं थांबले, आणखी पाच महिने काय!"

वैशाखात गेलो तर शेत ओळखू येईना. बांधापासून बांधापर्यंत जमीन फाटली होती. मावशींनी वाळलेली पऱ्हाटी उचलली, फांद्या मोडल्या आणि एका भेगेत सोडली. उभीच्या उभी आत गेली, दिसेनाशी झाली. मी उकिडवा बसून हात घातला. कोपरापर्यंत गेला. वर ऊन भाजत होतं आणि आत बोटांना गारवा लागत होता. अंगावर काटा आला. जे आपण मोजतो, कागदावर नोंदवतो, ते पायाखाली इतकं जिवंत असतं! मला भय वाटलं, आणि त्याहून जास्त नवल.

"पान्यात फुगते, उन्हात आखडते," मावशी म्हणाल्या. "भिंत उभी केली त तिले बी संग घेऊन हालते. माह्या दिरानं बांधलं होतं काळीत. भिंतीतून आरपार दिसे."

"मग मला सांगितलं कशाला? मी तर घेतच होतो."

"जमीन त इकाचीच होती मले. पन तुमच्या मायचं घर म्हनलं ना तुम्ही."

मग त्यांनी टेकाडाकडचा कोपरा दाखवला. पांढुरका, खडकाळ बरड. "सासऱ्याच्या वक्तापासून इथं बोंड धरलं नाही. शिव्याच देत आली मी याले. मारा पहार." मारली. वीतभर खाली टणकन वाजली.

घर तिथं झालं. आईनं मात्र खिळा ठोकला नाही. एक वैशाख जाऊ दे म्हणाली. वैशाख आला. खिडकीतून खालचं काळं शेत दिसत होतं, अजून मावशींचंच, पुन्हा तसंच फाटलेलं. आईनं चारी भिंती तळहातानं चाचपल्या. केसाएवढीही रेघ नव्हती. तिनं मावशींना बोलावून घेतलं आणि त्यांच्या हातात हातोडी दिली.

"मले काय येते त्यातलं?" मावशी संकोचल्या.

"पहिला खिळा तुमचा," आई म्हणाली.

मी बाबांचा फोटो धरून शेजारी उभा राहिलो.