वाळत घातलेलं घड्याळ

आमच्या घरी चांगली वस्तू वापरायची नसते, ती कपाटात ठेवायची असते. पाहुण्यांसाठीचे सहा काचेचे ग्लास, बाबांना मिळालेली शाल, दहावीनंतरच्या सत्कारात मला दिलेला पेन, सगळं आईच्या लग्नातल्या शालूखाली आहे. ते घड्याळही तिथंच होतं.

बाबा कामठीत छावणीजवळच्या एका दुकानात वर्दी शिवतात. एका हवालदाराची बदली झाली तेव्हा बाबांनी त्याच्या दोन वर्द्या एका दिवसात बसवून दिल्या होत्या. जाताना त्याने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून बाबांना दिलं. काळं, जाड, काट्यांऐवजी आकडे असलेलं. मशीनवर काम करताना बाबांना मनगटावर काही नको असतं, म्हणून त्यांनी ते आईला दिलं. आईने ते रुमालात गुंडाळलं, रुमाल पिशवीत घातला आणि पिशवी शालूखाली सरकवली. तीन वर्षं ते तिथं अगदी सुरक्षित होतं.

मला त्याची आठवण झाली ती नापास झाल्यावर.

मी नागपूरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षाच्या हिवाळी परीक्षेत भौतिकशास्त्राचा पेपर होता. मोबाइल बाहेर ठेवायचा होता, हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं आणि माझ्या हातात घड्याळ नव्हतं. इतर मुली अधूनमधून मनगटाकडे बघत होत्या. मला कुणालाही वेळ विचारता आली असती. पण मला वाटलं, सगळ्यांना जे माहीत आहे ते आपण विचारू नये. पहिला प्रश्न मी सावकाश, आकृत्या काढून, पट्टीने रेषा मारून लिहिला. शेवटचा प्रश्न सुरू करणार तेवढ्यात घंटा झाली. थोड्याच गुणांनी मी गेले.

कॉलेजात आम्ही नापास झालो असं म्हणत नाही. पेपर राहिला म्हणतो आणि तो पुढे सुटला की निघाला म्हणतो. घरी मी तेच म्हटलं, भौतिकचा एक पेपर राहिला. बाबांना वाटलं, तो पेपर अजून व्हायचाच आहे. कधी आहे मग, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उन्हाळ्यात. ते बरं म्हणाले आणि कामाला लागले. मी खोटं बोलले नव्हते, पण खरंही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मला त्यांच्यासमोर जेवताना नीट बसवत नसे. मी ठरवलं की उन्हाळ्यात हा पेपर काढायचा आणि मगच बाबांना खरं काय ते सांगायचं.

मार्चमध्ये मी आईकडून घड्याळ मागून घेतलं. त्याचा चेहरा कोरा होता. कुठलंही बटण दाबा, काही नाही. मी ते बस स्टँडजवळच्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. आईही सोबत आली होती. काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ न उघडताच परत दिलं.

"याले सेल बदलवा नाही लागत. हे उन्हावर चालते," ते म्हणाले. "तुमी याले तीन वर्सं उपाशी ठेवलं."

कपाटात ठेवलेली वस्तू त्यामुळेच खराब होते, हे आईने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

ऊन काय, आमच्याकडे भरपूर. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी घड्याळ आमच्या टिनाच्या छतावर नेऊन ठेवलं. अर्ध्या तासाने बघते तर त्याची काच आतून पूर्ण काळी झाली होती, शाई सांडल्यासारखी. हातात धरवत नव्हतं. मला वाटलं, मी ते जाळलं. आईने ते ओढून घेतलं आणि माठाशेजारी सावलीत ठेवलं. पाण्यात घालू नको, एवढंच मी म्हणत राहिले. संध्याकाळपर्यंत काळेपणा गेला आणि काचेवर सी, एच, जी ही तीन अक्षरं उघडझाप करू लागली. मी पुन्हा काकांकडे गेले. त्यांनी सांगितलं, ही अक्षरं म्हणजे ते अजून भुकेलं आहे. मग छताचं ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. "ऊन द्याले सांगतलं होतं बाई, तव्यावर भाजाले नाही."

सकाळचं ऊन द्यायचं, असं त्यांनी समजावलं. कोपऱ्यात एल दिसला तर पोट रिकामं, एम म्हणजे अर्धं, एच म्हणजे भरलं.

तेव्हा आईच्या कुरड्या सुरू होत्या. अंगणात खाटेवर जुनं लुगडं पसरून ती सकाळी कुरड्या घालायची आणि कावळे हाकलत बाजूला बसायची. घड्याळाला तिने त्याच खाटेवर उशाच्या बाजूला जागा दिली. साडेसहाला बाहेर आणि नऊ वाजता, ऊन चढायच्या आत, घरात. तिच्या तोंडी त्यासाठी एकच शब्द होता. "घड्याळ वाळत घातलं का वं?" ती मला आतून विचारायची. चार्जिंग हा शब्द तिला मोबाइलमुळे चांगला ठाऊक होता, पण उन्हात ठेवलेली वस्तू तिच्या दृष्टीने वाळतच असते. आठवडाभराने एम आला. मी वेळ आणि तारीख लावली. आई खूश झाली आणि शेजारणींना घड्याळातला दिवा लावून दाखवू लागली.

मग मी ते घालून कॉलेजला जाऊ लागले आणि दहा दिवसांत एल आला. आधी दिवा लागेना, मग गजर वाजेना. दिव्यावर आईचा हात जरा जास्तच पडला होता, पण खरं कारण माझाच हात होता. कामठीहून नागपूरला बसने जाताना उन्हाळ्यात आम्ही मुली डोळे सोडून काही उघडं ठेवत नाही. डोक्याला, तोंडाला स्कार्फ आणि हातांना कोपरापर्यंत लांब मोजे. घड्याळ मोज्याच्या आत. एवढ्या उन्हातून रोज जात होते आणि ते अंधारात होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ मोज्याच्या वरून बांधलं. पट्टा शेवटच्या भोकात जेमतेम बसायचा. सोबतची एक मुलगी बसमध्ये म्हणाली, "हात घरात अन घड्याळ गच्चीवर." सगळ्या हसल्या. मला एरवी अशा वेळी हात ओढणीखाली घ्यायची सवय आहे. त्या दिवशी मी तो खिडकीच्या दांडीवर ठेवला आणि नागपूर येईपर्यंत तिथंच ठेवला. सकाळी खाट, मग खिडकी. एप्रिल संपता संपता कोपऱ्यात एच आला आणि नंतर हलला नाही.

त्या घड्याळावर मी जुने पेपर सोडवू लागले. एका प्रश्नाला पस्तीस मिनिटांचा गजर. वाजला की वाक्य अर्धवट असलं तरी पुढचा प्रश्न. सुरुवातीला प्रत्येक प्रश्न अर्धवटच राहायचा. रेषा मी पट्टी न लावता मारायला शिकले. आकृती आवश्यक तेवढीच काढायला शिकले, आणि ते मला सगळ्यांत जड गेलं. मे महिन्यात दोनदा पूर्ण पेपर वेळेत झाला.

परीक्षेच्या दिवशी हॉलच्या दारात मॅडमनी माझा हात धरला. आकड्यांचं घड्याळ बघून त्या म्हणाल्या, "स्मार्टवॉच चालत नाही."

"मॅडम, हे स्मार्ट नाही," मी म्हटलं.

त्यांनी ते काढायला लावलं आणि उलटसुलट करून बघितलं. "मग चार्ज कुठून करता?"

"कुरड्यांसोबत वाळत घालतो."

मागे कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. हे साधं घड्याळ आहे, हे त्यांना पटलेलं दिसत होतं, पण आकड्यांचं घड्याळ बाकावर नको असा नियम होता. ते टेबलावर राहील, जाताना घ्या, असं म्हणून त्यांनी ते रजिस्टरवर ठेवलं.

मी जागेवर बसले. हॉल तोच होता. भिंतीवरचं घड्याळही तेच, डिसेंबरात होतं त्याच वेळेवर थांबलेलं. उत्तरपत्रिका वाटून झाल्या. दोन महिने रोज सकाळी मी ज्याला बाहेर नेलं, ते दहा हातांवर भरल्या पोटाने पडून होतं आणि मला त्याचा एकही आकडा दिसत नव्हता. मी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मग उभी राहिले.

"मॅडम, भिंतीवरचं घड्याळ बंद आहे. माझं तुमच्या टेबलावर आहे, तर त्यात बघून दर अर्ध्या तासाने फळ्यावर वेळ लिहाल का?"

त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग माझं घड्याळ हातात घेऊन खिडकीजवळ नेलं, वाचलं आणि खडू उचलला. फळ्यावर सुरुवातीची वेळ आली. पुढे दर अर्ध्या तासाने खडूचा आवाज झाला की अख्खा हॉल वर बघायचा. शेवटचं गणित मी सुरू केलं तेव्हा अर्ध्या तासाहून जास्त वेळ उरला होता. उत्तर आलं. मी ते एकदा उलटं करून तपासलंही.

घड्याळ परत देताना मॅडमनी हळूच विचारलं, "कुरड्या गव्हाच्या का?" मी हो म्हटलं.

निकाल जुलैत लागला. कॉलेजातून परतताना मी घरी न जाता सरळ बाबांच्या दुकानात गेले. ते एका खाकी पँटला शिलाई मारत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं की तो पेपर तेव्हा व्हायचा राहिला नव्हता. मी दिला होता आणि नापास झाले होते. पुन्हा दिला. आता निघाला.

बाबांनी शिलाई शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला आणि मगच वर बघितलं.

"म्हंजे राहिला म्हंजे नापास?"

"हो."

"अन निघाला म्हंजे पास?"

"हो, बाबा."

"तुमच्या कालेजात सीदं बोलाची पद्धत नाही का?" ते म्हणाले. पँट घडी करून त्यांनी बाजूला ठेवली. "पुढच्या टायमाले राहिला, तं मले नापास म्हून सांगजो. मी का मारतो तुले?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. पाऊस थांबला होता, बाहेर मळकं ऊन पडलं होतं आणि मी अजून रेनकोटातच होते.

"ते बाही वर कर," बाबा म्हणाले. "उपाशी ठेवतं का त्याले?"